डहाणू : एका दिवसाचा किनारा

व्यापारी कुटुंबाचा प्रवास बहुधा कामाचा असतो. खरेदीला सुरत, वसुलीला इचलकरंजी, लग्नकार्याला राजस्थान किंवा कच्छ, आणि वर्षातून एखादी तीर्थयात्रा. काहीही आणायचे नाही, कोणालाही भेटायचे नाही, केवळ पाहायचे म्हणून घराबाहेर पडणे आपल्या वळणात बसत नाही. दुकान एक दिवस बंद राहिले तर गिऱ्हाईक शेजारच्या पायरीवर जाईल, ही धास्ती पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. त्यामुळे मुंबईत राहूनही समुद्र म्हणजे मरीन ड्राइव्हचा कठडा, एवढीच अनेक मुलांची ओळख राहते.

रात्रीचा मुक्काम नको, वृद्धांना झेपेल, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकता येईल आणि खर्च बेताचा होईल, अशी समुद्रकाठची जागा कोणी विचारली, तर मी डहाणूचे नाव सांगतो. पश्चिम रेल्वेने तेथे जाता येते, किनारा मोकळा आहे आणि बागांची सावली आहे. परंतु हे नाव सुचविण्यामागे आणखी एक कारण आहे. डहाणूचा निवांतपणा आपोआप टिकलेला नाही. तो एका मर्यादेने राखला, त्या मर्यादेची किंमत कोणी तरी मोजली, आणि आज ती मर्यादा बदलत आहे. हिशेब ठेवणाऱ्या माणसांनी हे गाव आताच पाहून घ्यावे, असे मला वाटते.

रेल्वेची वाट

मुंबईची उपनगरी गाडी पूर्वी विरारला थांबत असे. एप्रिल २०१३ पासून ती डहाणू रोडपर्यंत जाऊ लागली आणि हा किनारा लोकलच्या तिकिटात आला. लोहमार्ग मात्र फार जुना आहे. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेने सुरतेकडून दक्षिणेला रूळ टाकीत आणले आणि १८६४ मध्ये ते मुंबईला पोहोचले. या वाटेवरील काही स्थानकांच्या नावांपुढे ‘रोड’ हा शब्द आढळतो : केळवे रोड, डहाणू रोड, उंबरगाव रोड. गाव समुद्राकाठी, रूळ आत, आणि स्थानक गावाला जाणाऱ्या रस्त्यावर, एवढाच त्याचा अर्थ.

गेल्या पौषात आम्ही पाच जण निघालो. माझी आई, पत्नी, दोन मुले आणि मी. बोरिवलीहून पहाटे अंधारातच गाडी धरली. वसईच्या खाडीवर उजाडू लागले. नायगावच्या बाजूची मिठागरे धुक्यात पांढुरकी दिसत होती. विरार मागे पडले आणि डब्याचे स्वरूपच पालटले. शहराकडे जाणाऱ्या गर्दीच्या उलट दिशेला आम्ही चाललो होतो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या दारांत भाजीच्या टोपल्या आणि दुधाच्या किटल्या दाटीने उभ्या होत्या. मुंबई ज्यांच्यावर सकाळचा चहा पिते, ती माणसे मुलांनी त्या दिवशी प्रथम पाहिली.

वैतरणेचा पूल लागला तेव्हा मुले खिडकीला चिकटली. खाली भरपूर पाणी, मध्ये बेट, दूर डोंगरांची रांग. आईची नवकारशी सफाळ्याजवळ पाळून झाली. मग डबे उघडले : थेपले, खाखरे, सुकी मेथी. केळवे रोडला तिने खिडकीतून पानवेलींचे मळे शोधण्याचा प्रयत्न केला, कारण तिच्या माहेरी केळव्या-माहीमच्या पानांचे मोठे कौतुक असे.

पालघर, उमरोळी, आणि मग बोईसर. येथे गाडीतील कामगारांची गर्दी उतरते. तारापूरची औद्योगिक वसाहत याच बाजूला आहे आणि देशातील पहिले अणुवीज केंद्रही. १९६९ पासून ते वीज देत आहे. कारखान्यांच्या चिमण्या, गोदामे, मालमोटारींच्या रांगा असा देखावा काही मिनिटे चालतो आणि वाणगाव येईपर्यंत अकस्मात संपतो. दोन्ही बाजूंना मिरचीची शेते, भाताची रिकामी खाचरे आणि चिकूच्या गर्द हिरव्या बागा सुरू होतात. जमीन तीच, रूळ तेच, मुंबईपासूनचे अंतरही जवळजवळ तेवढेच. मग फरक कशाचा? हा प्रश्न माझ्या थोरल्याने विचारला आणि त्याचे उत्तर दिवसभर थोडेथोडे मिळत गेले.

ओहोटीचा समुद्र

डहाणू रोड स्थानकापासून किनारा रिक्षाने अगदी थोड्या वेळाचा आहे. पारनाक्याजवळ उतरले की सुरूच्या झाडांमागे समुद्र दिसतो. किंबहुना, ओहोटी असेल तर समुद्र दिसत नाही, त्याची ओली वाट दिसते. या बाजूचा किनारा सपाट आहे. पाणी मागे हटले की पुष्कळ दूर जाते.

येथे येण्यापूर्वी पंचांग पाहावे. कोकणातल्या माणसांचा एक जुना आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो, पण सहलीच्या बेतापुरते हे गणित पुरते. आपल्या घरांत तिथी रोजच पाहिली जाते, तेव्हा हे कोष्टक वेगळे शिकावे लागत नाही. आम्ही वद्य षष्ठीला गेलो होतो. साडेदहाच्या सुमारास पाणी अगदी मागे होते आणि दुपारी चारनंतर ते पायापर्यंत येणार होते.

ओल्या वाळूवर सर्वत्र बारीक गोळ्यांची नक्षी पसरलेली होती. नखाएवढे खेकडे वाळूतील अन्नकण काढून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला ठेवतात. चाहूल लागली की बिळात शिरतात. धाकटीने ती नक्षी मोडू नये म्हणून आईने तिचा हात धरून तिला कडेकडेने नेले. शंख हाती लागला तर आधी तो पालथा करून आत कोणी राहत नाही ना, हे पाहायचे आणि राहत असेल तर होता तेथेच ठेवायचा, हा नियम तिने घालून दिला. दोन तासांत मुलांनी सात शंख उचलले आणि पाच परत ठेवले. समुद्रकाठची ही शिकवण मला कोणत्याही फलकावर लिहिलेली दिसली नाही.

दक्षिणेकडे पाहिले की खाडीपलीकडे एक उंच चिमणी दिसते. ते औष्णिक वीज केंद्र आहे, ५०० मेगावॉटचे. १९९५ च्या सुमारास ते सुरू झाले आणि त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. आमच्या दुकानातला दिवा, शेजारच्या देरासरातला पंखा, सोसायटीचा पाणी चढवणारा पंप, यांतले काही या चिमणीखालून येते. सुट्टी घालवायला आलेल्या माणसाला आपले घर येथपर्यंत पसरलेले आहे, हे तेथे उभे राहून कळते.

चिकूचा रस्ता

डहाणूहून किनाऱ्याला समांतर एक रस्ता उत्तरेला नरपड, चिखले, घोलवडवरून बोर्डीला जातो. डावीकडे सुरूच्या आडून समुद्र, उजवीकडे वाड्या. दिवसाची रिक्षा ठरवून या रस्त्याने सावकाश जावे. आम्ही घोलवडजवळच्या एका वाडीत परवानगी घेऊन गेलो.

चिकू मूळचा मध्य अमेरिकेकडचा. या किनाऱ्याने तो असा आपलासा केला, की ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वाडीत काम करणाऱ्या एका वारली बाईंनी आम्हांला झाड दाखविले. लांब बांबूच्या टोकाला जाळीची झोळी बांधून फळ उतरवतात, म्हणजे ते जमिनीवर आपटत नाही. फळ झाडावर असताना कठीणच असते आणि उतरवल्यावर काही दिवसांनी पिकते. झाडाच्या बुंध्याकडे हात दाखवून त्या म्हणाल्या, “हे खालचं झाड वेगळं आहे, आजी. ते रायणीचं.”

आई थबकली. चिकूचे कलम रायणीच्या खुंटावर बांधतात. रायणीची मुळे कणखर, खोल जाणारी आणि झाड दीर्घायुषी, म्हणून परदेशी फांदीला आधार या मातीतल्या बुंध्याचा. शत्रुंजयावरील आदीश्वर भगवानांच्या पादुकांजवळची रायण आईने तरुणपणी पाहिलेली होती. तिने बुंध्याला हात लावला आणि काही न बोलता पुढे गेली.

धंद्याच्या दृष्टीने चिकू मोठा अवघड माल आहे. तो धान्यासारखा कोठीत थांबत नाही आणि कापडासारखा गठ्ठ्यात राहत नाही. उतरवल्यापासून त्याचे दिवस मोजलेले असतात. गाडी चुकली तर माल गेला. येथील बागायतदारांचे आयुष्य म्हणूनच रेल्वे आणि मालमोटारी यांच्या वेळापत्रकाला बांधलेले राहिले. अलीकडे फोडी वाळवून, भुकटी करून, लोणचे व मिठाई करून तो टिकविण्याचे उद्योग घराघरांतून उभे राहिले आहेत आणि बोर्डीला थंडीत चिकू महोत्सवही भरतो. आम्ही वाळवलेल्या फोडींची पाकिटे घेतली. विकणाऱ्या बाईंनी किंमत सांगितली, आईने सवयीने ती कमी करायला सांगितली, आणि मग बांबूची ती लांब काठी आठवून सांगितले तेवढेच पैसे दिले.

या वाड्यांचे अनेक मालक इराणी आणि पारशी आहेत. पारशी परंपरेनुसार संजाण पडल्यावर त्यांचा पवित्र अग्नी, इराणशाह, बोर्डीजवळच्या बहारोट डोंगरातील गुहांत सुमारे बारा वर्षे सांभाळला गेला. परक्या भूमीवर आश्रय मागून आलेल्या समाजाने तेथेच बाग लावावी, हेही एक प्रकारचे कलमच आहे.

वहीचे दुसरे पान

हा प्रदेश केवळ बागांचा नाही. वाडीच्या कुंपणापलीकडे, पूर्वेच्या डोंगरांपर्यंत, वारली लोकांची वस्ती आहे. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली त्यांची चित्रे आज आपल्या दिवाणखान्यांत आणि साड्यांच्या काठांवर आली आहेत. ती जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे याच तालुक्यातील गंजाडचे. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले.

परंतु या भिंतींच्या आत एके काळी काय चालत असे, हे व्यापारी समाजाने मुद्दाम वाचावे. जमीनदार आणि सावकार यांच्या वह्यांत वारल्यांच्या नावे लिहिलेले कर्ज कधी फिटत नसे. त्यापायी त्यांना वेठीने राबावे लागे. जंगलातले लाकूड तोडायचे आणि मुंबईच्या गुरांसाठी गवत कापायचे काम त्यांचे, दर ठरविणारे दुसरे. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठ नाकारली. त्या लढ्यावरील त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविले गेले. वहीत आकडा बरोबर असूनही व्यवहार अन्यायाचा असू शकतो, हे त्या इतिहासातून कळते.

त्याच वर्षी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हा विचार घेऊन त्या पाड्यांत गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढले. आज गावोगावी दिसणाऱ्या अंगणवाडीच्या कल्पनेमागे या किनाऱ्यावरचा अनुभव आहे. बोर्डीला जाणाऱ्याने वेळ काढून कोसबाडची टेकडी पाहावी. वरून बागा, खाचरे आणि समुद्र एका नजरेत येतात.

मर्यादा आणि तिची किंमत

थोरल्याच्या प्रश्नाचे उत्तर या टेकडीवर पूर्ण झाले. बोईसरच्या चिमण्या वाणगावपुढे का आल्या नाहीत? कारण २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला. तालुक्यातील उद्योगांसाठीची एकूण जमीन ५०० एकरांपुरती सीमित केली. उद्योगांचे हिरवा, नारिंगी आणि लाल असे वर्ग केले आणि अत्यंत प्रदूषण करणाऱ्या लाल वर्गाला मनाई केली. स्थानिक रहिवाशांनी व पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर एक प्राधिकरण नेमले गेले. निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी अनेक वर्षे त्याचे अध्यक्षपद सांभाळले.

या मर्यादेने बागा राहिल्या, किनारा राहिला, आणि आम्हांला एक दिवस मिळाला. पण जमेबरोबर नावेही लिहिले पाहिजे. येथील तरुणाला कारखान्यातील नोकरीसाठी पहाटेची गाडी धरून बोईसर किंवा मुंबई गाठावी लागते. जमीन असून तिच्यावर हवा तो उद्योग काढता येत नाही, ही तक्रार येथे ऐकू येते आणि ती खोटी नाही. आपण ज्या शांततेचे कौतुक करतो, तिचे भाडे दुसरे कोणी भरीत असतात.

आता मोठा बदल समोर आहे. डहाणूच्या दक्षिणेला वाढवण येथे बंदर उभारण्याचा प्रस्ताव प्राधिकरणाने १९९८ मध्ये नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, काही अटी घालून, परवानगी दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे त्याची पायाभरणी झाली. सुमारे १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. दहा किलोमीटरहून अधिक लांबीची लाटारोधक भिंत आणि कंटेनरचे नऊ धक्के तेथे होतील. जगातील मोठ्यात मोठी जहाजे लागतील एवढी खोली या किनाऱ्याला निसर्गतः आहे, हे त्यामागील कारण.

मी कापडाचा व्यापारी आहे. आमचा काही माल न्हावाशेव्याच्या बंदरातून येतो. धक्क्यावर कंटेनर अडकला की व्याज कोणाच्या खिशातून जाते, हे मला ठाऊक आहे. मोठे बंदर झाले तर माझे दिवस वाचतील आणि पैसेही. त्यामुळे दुरून बंदराला नावे ठेवण्याचा अधिकार मी स्वतःकडे घेत नाही. मात्र त्याच किनाऱ्यावरील मच्छीमार वर्षानुवर्षे विरोध करीत आले आहेत. वरोर-चिंचणीकडे घरोघरी दागिन्यांचे साचे कोरणारे कारागीर आहेत. आपल्या सराफ बंधूंच्या पेढ्यांवरील नक्षीचा उगम कदाचित अशाच एखाद्या घरातला असेल. त्यांनाही आपल्या गावाचे पुढे काय होणार, हे कळत नाही. मासेमारी आपल्या आचारात बसत नाही, हे खरे. परंतु ज्याचा व्यवसाय आपल्याला मान्य नाही, त्याचे नुकसान मोजायचेच नाही, असा नियम कोणत्याही हिशेबात नसतो.

चांगला व्यापारी उधारीला मर्यादा घालतो, साठ्याला घालतो, प्रसंगी नफ्यालाही घालतो. ती वाढवायची वेळ आली, तर कोणाच्या भरवशावर आणि कोणाच्या जोखमीवर, हे आधी विचारतो. एवढाच प्रश्न डहाणूबाबत आपण विचारला, तरी पुष्कळ झाले.

जाणाऱ्यांसाठी

मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. ऊन सौम्य असते आणि चिकूचा बहर असतो. पावसाळ्यात समुद्रात उतरू नये. पहाटेची गाडी घेतली तर किनारा, वाडी आणि कोसबाड किंवा बोर्डी हे सारे सूर्यास्तापूर्वी होते. पाणी घरचे उकळलेले न्यावे. परिसरात गुजराती वस्ती असल्याने कांदा-लसणाशिवायचे जेवण सांगून करून घेता येते, तरी एक वेळचा डबा बरोबर असावा. आम्ही साडेपाचला किनाऱ्यावरच जेवलो. तोपर्यंत भरतीचे पाणी सुरूपर्यंत आले होते आणि सकाळच्या गोळ्यांची नक्षी पुसली गेली होती. उद्याच्या ओहोटीला ती पुन्हा उमटणार, हे धाकटीला सांगावे लागले नाही.

खरेदी करायची असेल तर बागेतून किंवा रस्त्याकाठच्या बायांकडून करावी, म्हणजे पैसा त्याच मातीत राहतो. थोडी कठीण फळे घ्यावीत. तीन-चार दिवसांनी ती घरी पिकतात आणि सहल संपल्यानंतरही घरात त्या वाडीचा वास दरवळत राहतो. मुलांना वाटेत बोईसर आणि वाणगाव ही दोन स्थानके आवर्जून दाखवावीत. एकीकडे वाढीची भूक आहे, दुसरीकडे तिला घातलेला बांध आहे, आणि आपल्या घराला दोन्हींची गरज आहे. त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले, तर उद्या गादीवर बसताना निर्णय घेण्यासाठी त्यांच्याजवळ आकड्यांखेरीज आणखी काही असेल.